जळालेल्या नोटा, तीन याचिका आणि न नोंदलेला गुन्हा

१४ मार्च २०२५ ला, धुळवडीच्या रात्री साडेअकराच्या सुमारास, नवी दिल्लीत ३०, तुघलक क्रेसेंट या बंगल्याच्या आवारातल्या अडगळीच्या खोलीला आग लागली. दिल्ली उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायाधीश यशवंत वर्मा यांचं हे सरकारी निवासस्थान. ते आणि त्यांच्या पत्नी त्या रात्री दिल्लीबाहेर होते. अग्निशामक दल आलं, पोलीस आले, आग विझली. विझवताना मोबाइलवर घेतलेल्या चित्रणात अर्धवट जळालेल्या नोटा दिसल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोलीस आयुक्तांनी ही गोष्ट दिल्ली उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय यांच्या कानावर घातली. उपाध्याय त्याच वर्षी जानेवारीपर्यंत मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. २१ मार्चला त्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलं की सखोल चौकशी व्हायला हवी. २२ मार्चला सरन्यायाधीश संजीव खन्ना यांनी तीन न्यायाधीशांची अंतर्गत चौकशी समिती नेमली आणि त्याच रात्री प्राथमिक अहवाल, छायाचित्रं आणि न्या. वर्मा यांचा खुलासा सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर टाकला. नोटा आपल्या नाहीत, ती खोली राहत्या घरापासून वेगळी आहे आणि तिथे कर्मचाऱ्यांची ये-जा असते, असं त्यांचं म्हणणं होतं. आरोप त्यांनी पहिल्यापासून नाकारले आहेत.

एवढं सगळं आठवडाभरात झालं. पण नोटा जप्त झाल्या नाहीत, पंचनामा झाला नाही आणि गुन्हा नोंदला गेला नाही. एखाद्या व्यापाऱ्याच्या गोदामात असं घडलं असतं तर पहाटेपर्यंत जप्ती झाली असती, हा लोकांचा सवाल रास्तच होता. पुढे तेव्हाचे उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनीही तो जाहीरपणे विचारला.

मुंबईतल्या वकिलांसह चौघांनी हा सवाल थेट सर्वोच्च न्यायालयात नेला. त्यांच्या मुख्य मागण्या दोन होत्या. दिल्ली पोलिसांना गुन्हा नोंदवण्याचा आदेश द्यावा, ही पहिली. दुसरी, १९९१ च्या के. वीरास्वामी निकालातला जो भाग न्यायाधीशांवर गुन्हा नोंदवण्याआधी सरन्यायाधीशांचा विचार घ्यायला सांगतो, तो कायद्याला धरून नाही असं जाहीर करावं. २८ मार्चला न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने याचिका अकाली म्हणून फेटाळली. अंतर्गत चौकशी चालू आहे, ती संपल्यावर गुन्हा नोंदवायला सांगणं किंवा प्रकरण संसदेकडे पाठवणं असे पर्याय सरन्यायाधीशांपुढे खुले असतील, असं कारण दिलं. समितीने ५५ साक्षीदार तपासून मेच्या सुरुवातीला अहवाल दिला. ८ मे रोजी सरन्यायाधीशांनी तो राष्ट्रपती आणि पंतप्रधानांकडे पाठवला. याचिकाकर्ते पुन्हा आले. २१ मे रोजी त्याच खंडपीठाने सांगितलं की अहवाल आता ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडे आधी निवेदन द्या, मग आदेश मागा. वीरास्वामीच्या मुद्द्यात शिरायची या टप्प्यावर गरज नाही, असंही म्हटलं. तिसरी याचिका ७ ऑगस्टला न्या. दीपांकर दत्ता आणि न्या. ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्यासमोर फेटाळली गेली. अंतर्गत चौकशीच्या प्रक्रियेला आव्हान देणारी खुद्द न्या. वर्मा यांची याचिकाही याच खंडपीठाने त्याच दिवशी फेटाळली.

तीन वेळा दार ठोठावून तीनही वेळा ते उघडलं नाही. यातून ‘न्यायाधीश कायद्याच्या वर आहेत’ असा निष्कर्ष बऱ्याच जणांनी काढला. तो चुकीचा आहे, आणि घातकही, कारण त्यामुळे खरा तक्रारदार हात टेकतो. या याचिका नेमक्या कुठे अडल्या हे पाहिलं तर नागरिकाची हद्द कुठवर आहे ते कळतं.

पहिली गाळणी : काम न्यायदानाचं होतं का?

न्यायाधीशाविरुद्धच्या कुठल्याही फौजदारी तक्रारीत हे आधी ठरवायचं असतं, आणि बहुतेक तक्रारी इथेच संपतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम १५ नुसार (जुन्या दंड संहितेचं कलम ७७) न्यायाधीशाने न्यायाधीश म्हणून, आपल्याला असलेला किंवा असल्याचं सद्भावनेने मानलेला अधिकार वापरून केलेली कृती गुन्हा ठरत नाही. न्यायाधीश (संरक्षण) अधिनियम, १९८५ त्याहून पुढे जातो. त्याच्या कलम ३(१) नुसार आजी-माजी न्यायाधीशाने पदाचं काम करताना, किंवा ते काम समजून, केलेल्या कृतीबद्दल वा काढलेल्या शब्दांबद्दल कोणतंही न्यायालय दिवाणी किंवा फौजदारी कारवाई दाखलच करून घेत नाही. इथे सद्भावनेची अटही नाही. ‘साहेबांनी जाणूनबुजून विरुद्ध निकाल दिला, कलम २५७ लावा’ अशी खासगी फिर्याद या कलमाशी धडकते. न्याय संहितेचं कलम २५७ पुस्तकात आहे, भ्रष्ट हेतूने बेकायदा निकाल देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षाही आहे. पण ते वापरण्याची वाट कलम ३(२) मधून जाते. केंद्र वा राज्य सरकार, सर्वोच्च न्यायालय, उच्च न्यायालय किंवा कायद्याने नेमलेला अन्य अधिकारी कारवाई करू शकतो. नागरिक त्यांच्यापर्यंत माहिती पोहोचवू शकतो. खटला स्वतः चालवू शकत नाही.

हे संरक्षण खुर्चीला नसून कामाला आहे. अन्वर हुसेन विरुद्ध अजयकुमार मुखर्जी या आसामातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये हे स्पष्ट केलं. दंडाधिकाऱ्याने अटकेचा आदेश न्यायिक अधिकारात न देता कार्यकारी अधिकारात दिला होता, म्हणून १८५० च्या संरक्षण कायद्याचं छत्र त्याला मिळालं नाही.

तुघलक क्रेसेंटच्या प्रकरणात आरोप निकालाबद्दल नव्हता. घराच्या आवारात बेहिशेबी रोकड सापडणं हे न्यायदानाचं काम कुठल्याच अर्थाने नाही. म्हणजे १९८५ चा कायदा इथे आडवा येत नव्हता. पहिली गाळणी पार झाली होती.

वीरास्वामी निकाल नेमकं काय सांगतो

के. वीरास्वामी मद्रास उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. २४ फेब्रुवारी १९७६ ला सीबीआयने त्यांच्यावर उत्पन्नापेक्षा जास्त मालमत्तेचा गुन्हा नोंदवला, एप्रिलमध्ये ते निवृत्त झाले आणि डिसेंबर १९७७ मध्ये आरोपपत्र दाखल झालं. आरोप सुमारे ६.४१ लाख रुपयांचा होता. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली ‘लोकसेवक’ ठरतो का, हा प्रश्न पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे गेला आणि २५ जुलै १९९१ ला निकाल आला. बहुमताने उत्तर दिलं की होय, ठरतो, आणि खटल्याला मंजुरी देणारे सक्षम अधिकारी राष्ट्रपती आहेत.

त्याच निकालात न्यायालयाने स्वतः एक अट घातली. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाविरुद्ध, सरन्यायाधीशांशी विचारविनिमय झाल्याशिवाय, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ खाली (आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३) गुन्हा नोंदवायचा नाही. सरन्यायाधीशांच्या मताला सरकारने योग्य वजन द्यायचं, आणि कारवाई करण्याजोगं प्रकरण नाही असं त्यांचं मत पडलं तर गुन्हा नोंदवायचाच नाही. आरोप खुद्द सरन्यायाधीशांवर असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या इतर न्यायाधीशांचं मत घ्यायचं. मंजुरीच्या टप्प्यावर पुन्हा असाच विचारविनिमय.

या मजकुरात विचारविनिमय करायचा आहे सरकारने. नागरिकाला त्यात जागा नाही. तो सरन्यायाधीशांना पत्र पाठवू शकतो, पण ते पत्र म्हणजे तक्रार, विचारविनिमय नव्हे. दिल्ली पोलिसही परस्पर पुढे जाऊ शकत नाहीत. म्हणून न्यायालयाने पोलिसांना आदेश द्यावा ही मागणी चुकीच्या पायरीवर होती. ज्याने पहिलं पाऊल टाकायचं ते केंद्र सरकार, आणि त्याच्याकडे अजून कोणी लेखी काही मागितलंच नव्हतं.

दुसरी मागणी तर त्या खंडपीठाला मान्य करणं शक्यच नव्हतं. पाच न्यायाधीशांचा निकाल दोन न्यायाधीश रद्द ठरवू शकत नाहीत. फार तर मोठ्या पीठाकडे पाठवण्याची शिफारस होऊ शकते, आणि तीही प्रकरण त्या मुद्द्याशिवाय सुटतच नसेल तेव्हा. प्रकरण ‘अकाली’ म्हणून सुटत होतं, त्यामुळे न्यायालयाने तो मुद्दा बाजूला ठेवणं अपेक्षितच होतं. हीच मागणी आधी निवेदन देऊन, ‘विचारविनिमयाचा निर्णय वाजवी मुदतीत घ्यावा’ एवढ्यापुरती मांडली असती तर ती वीरास्वामीच्या चौकटीत बसली असती.

मॅन्डेमस, म्हणजे अधिकाऱ्याला त्याचं कर्तव्य करायला लावणारा आदेश, मागण्याचा जुना नियमही आडवा आला. आधी लेखी मागणी, मग नकार किंवा दीर्घ मौन, आणि त्यानंतर याचिका. २१ मेच्या आदेशाचा गाभा एवढाच आहे.

पुरावा कुठे निसटला

आमच्या मते या प्रकरणातलं सर्वात मोठं नुकसान १५ मार्चच्या पहाटे झालं, याचिकांच्या कितीतरी आधी. वीरास्वामीची बंदी गुन्हा नोंदवण्यावर आहे, पंचनामा करण्यावर नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ नुसार (जुनं कलम १०२) संशयास्पद परिस्थितीत सापडलेली वस्तू कुठलाही पोलीस अधिकारी ताब्यात घेऊ शकतो. कलम १०५ जप्तीचं दृकश्राव्य चित्रण सक्तीचं करतं. दोन पंच बोलावून, नोटांच्या गड्ड्या मोजून, जळलेले तुकडे वेगळ्या पाकिटांत भरून, लाखेची सील लावून, खोलीला कुलूप घालून किल्ली ताब्यात ठेवली असती, तर कोणावरही गुन्हा न नोंदवता पुरावा टिकला असता. बँकेच्या कागदी पट्ट्यांवर शाखा आणि तारीख असते, नोटांना क्रमांक असतात. रोकड कुणाची, हा प्रश्न तिथून पुढे सरकला असता. अंतर्गत समितीच्या निष्कर्षाप्रमाणे पहाटेच नोटा तिथून हलवल्या गेल्या. उरली ती चित्रणं आणि साक्षी.

त्यामुळे नंतर गुन्हा नोंदला गेला असता तरी तपास अवघड होता. रोकड सापडणं हा स्वतंत्र गुन्हा नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १३(१)(ब) खाली बेहिशेबी मालमत्ता सिद्ध करायला एक ठरावीक कालखंड धरावा लागतो. त्या काळातलं ज्ञात उत्पन्न, खर्च, सुरुवातीची आणि शेवटची मालमत्ता मांडून तफावत दाखवावी लागते. रक्कमच मोजली गेली नसेल तर हा हिशेब कशावर उभा राहणार? याचिकाकर्त्यांच्या हातात होती ती तीच चित्रणं, जी सगळ्या देशाने पाहिली होती.

सरन्यायाधीशांचं मत येईपर्यंत पुरावा कोणी आणि कसा राखायचा, याबद्दल १९९१ च्या निकालात एक ओळही नाही. ती पोकळी आजही आहे. बदल कुठे हवा असेल तर आधी इथे. न्यायाधीशांना छळणुकीपासून वाचवण्यासाठी पूर्वसंमतीची अट हवी, हे आम्हाला मान्य आहे. रोज शेकडो पक्षकार हरतात, आणि त्यातला प्रत्येक जण पोलीस ठाण्यात गेला तर खालच्या न्यायालयात जामीन द्यायलाही कोणी धजावणार नाही. पण नोटा मोजून सील केल्याने कुठल्याही न्यायाधीशाचं स्वातंत्र्य धोक्यात येत नाही.

खासगी फिर्यादीची वाट

वीरास्वामीत फक्त पोलिसांनी नोंदवायच्या गुन्ह्याचा उल्लेख आहे, मग थेट न्यायालयात खासगी फिर्याद का करू नये, असं काही जण विचारतात. या वाटेला महाराष्ट्रातलाच आधार आहे. ए. आर. अंतुले विरुद्ध रामदास श्रीनिवास नायक या प्रकरणात घटनापीठाने १९८४ मध्ये ठरवलं की भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यासाठी खासगी नागरिक विशेष न्यायाधीशापुढे फिर्याद दाखल करू शकतो. मॅजिस्ट्रेटकडे नव्हे, विशेष न्यायाधीशापुढे. फिर्याद चुकीच्या न्यायालयात टाकून वर्ष घालवणारे कमी नाहीत.

पण भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ खाली मंजुरीशिवाय दखल घेता येत नाही. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाबाबत ती मंजुरी राष्ट्रपतींची, आणि तिथेही सरन्यायाधीशांचं मत. निर्णयाला तीन महिने अधिक एक महिना अशी मुदत आहे, मुदत उलटली म्हणून मंजुरी मिळाली असं मात्र मानलं जात नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ मध्ये १२० दिवसांत निर्णय न झाल्यास मंजुरी दिली असं धरण्याची नवी तरतूद आली आहे, पण ती पदाच्या कामाशी जोडलेल्या इतर गुन्ह्यांसाठी आहे. दोन्हींची गल्लत करून फिर्याद लिहिली की पहिल्याच तारखेला ती उडते. शिवाय कलम २२३ मुळे आता दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि लोकसेवक असेल तर वरिष्ठांचा अहवालही मागवावा लागतो.

लोकपालाचा दरवाजाही तपासून झाला आहे. उच्च न्यायालयाच्या एका अतिरिक्त न्यायाधीशाविरुद्धच्या दोन तक्रारींवर लोकपालाने २७ जानेवारी २०२५ ला, असे न्यायाधीश आपल्या अधिकारक्षेत्रात येतात, असा आदेश दिला. २० फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन त्याला स्थगिती दिली.

जिल्हा न्यायालयाचा न्यायाधीश असेल तर

इथे चित्र बरंच वेगळं आहे, आणि सामान्य माणसाचा संबंध याच न्यायाधीशांशी येतो. राष्ट्रपती, संसद, सरन्यायाधीश हे कोणीच लागत नाहीत. नियंत्रण उच्च न्यायालयाचं असतं. १९९४ च्या उत्तर प्रदेश न्यायिक अधिकारी संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पदाच्या कामासंबंधीच्या आरोपावर गुन्हा नोंदवायला उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींची पूर्वपरवानगी हवी. १९९१ च्या नडियाद प्रकरणात अटकेबाबतचे निर्देश आले : जिल्हा न्यायाधीश किंवा उच्च न्यायालयाला कळवून अटक करावी आणि बेड्या घालू नयेत.

ही परवानगी मिळते आणि कारवाई होते. डिसेंबर २०२४ मध्ये साताऱ्यात, जामीन देण्यासाठी ५ लाखांची मागणी झाल्याच्या तक्रारीवरून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने एका जिल्हा न्यायाधीशावर गुन्हा नोंदवला. अशा तक्रारीचं बळ क्रमात असतं. मागणी झाल्यावर पैसे देण्याआधी विभागाकडे जायचं (हेल्पलाइन १०६४), लेखी तक्रार द्यायची, मग विभाग पंचांसमोर ध्वनिमुद्रण करून मागणीची पडताळणी करतो. पैसे देऊन झाल्यावर, काम न झाल्याच्या रागातून केलेली तक्रार बहुधा टिकत नाही, कारण मागणीचा स्वतंत्र पुरावा उरत नाही. आरोप निकालाच्या गुणदोषांवर नसून लाचेच्या मागणीवर असल्यामुळे १९८५ च्या कायद्याचा अडथळाही सौम्य होतो.

लाचेची मागणी नाही पण गैरवर्तन आहे, तर तक्रार उच्च न्यायालयाच्या महानिबंधकांकडे. २०१४ पासून अशा तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र आणि पडताळता येईल असा पुरावा लागतो. नुसत्या निनावी अर्जावर काही होत नाही. दिनांक, दावा क्रमांक, रोजनाम्याच्या प्रमाणित नकला, साक्षीदार कोण आणि त्याने काय ऐकलं, इतकंच लिहावं. विशेषणं गाळावीत. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ चं कलम ६ कनिष्ठ न्यायालयाच्या न्यायाधीशाविरुद्ध उच्च न्यायालयाकडे सद्भावनेने केलेल्या तक्रारीला अवमानातून वगळतं. तीच तक्रार समाजमाध्यमावर टाकली, किंवा खुद्द न्यायाधीशाला नुकसानभरपाईची नोटीस पाठवली, तर ते छत्र राहत नाही. अवमानाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

निवेदनात काय असावं

२१ मेच्या आदेशाने दाखवलेली वाट घ्यायची तर निवेदन राष्ट्रपती आणि पंतप्रधान कार्यालय या दोघांना स्वतंत्र पाठवावं, स्पीड पोस्टाने, पोच मिळवून. केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर टाकलेला अर्ज न्यायपालिकेकडे पुढे पाठवला जातो, त्यामुळे केवळ त्यावर विसंबू नये. मागणी अशी हवी : अमुक कलमांखालचा दखलपात्र गुन्हा दिसतो, त्यावर वीरास्वामी निकालाप्रमाणे सरन्यायाधीशांशी विचारविनिमय सुरू करावा आणि निर्णय लेखी कळवावा. अंतर्गत चौकशीचा अहवाल मागण्यात वेळ घालवू नये. तो गोपनीय राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये इंदिरा जयसिंग यांच्या प्रकरणात सांगितलं आहे. न्यायाधीशाला पदावरून दूर करण्याची मागणी याच अर्जात मिसळू नये. ती प्रक्रिया १९६८ च्या कायद्याखाली खासदारांच्या हातात आहे : लोकसभेतल्या किमान १०० किंवा राज्यसभेतल्या ५० जणांच्या सह्या लागतात. न्या. वर्मा यांच्याबाबत तसा १४६ खासदारांच्या सह्यांचा प्रस्ताव लोकसभाध्यक्षांनी १२ ऑगस्ट २०२५ ला दाखल करून घेतला आणि चौकशी समिती नेमली. त्या समितीचं काम पदापुरतं असतं, शिक्षेचं नसतं, आणि फौजदारी मागणी तिच्यात विरघळून जात नाही.

उत्तर नकाराचं आलं किंवा वाजवी काळात आलंच नाही, तर मग रिट याचिका. तिच्या पहिल्या परिच्छेदात निवेदनाची तारीख, पोचपावतीचा क्रमांक आणि त्यानंतर लोटलेले दिवस लिहायचे. वीरास्वामी निकाल बदलण्याची मागणी पर्यायी म्हणून सगळ्यात शेवटी, आणि तीही मोठ्या पीठाकडे पाठवण्याच्या विनंतीच्या रूपात.